पाऊण सेकंदात चार फेरे

छताला टांगलेला विजेचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारणपणे ३०० ते ४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाच-सहा. आता डोळ्यांसमोर अशी एक मुलगी आणा, की जी बर्फावरून सरकत येते, हवेत उसळते, त्या पंख्याच्याच गतीने स्वतःभोवती फिरते आणि एका पायावर, चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पात्यावर, उतरून तशीच पुढे सरकत जाते. ती हवेत असते पाऊण सेकंदापेक्षाही कमी. एवढ्या वेळात फेरे पुरे झाले तर जागतिक अजिंक्यपदाकडे वाटचाल, आणि पाव फेरा कमी पडला तर गुणांना कात्री.

या खेळाचे नाव फिगर स्केटिंग. या खेळातील एक गोष्ट तुमच्या वयाच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. मुलींच्या गटात गेल्या काही वर्षांत पंधराव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवावे आणि अठरा-एकोणीस वर्षे होईपर्यंत खेळ सोडून द्यावा, असे वारंवार घडले. हे का घडले? प्रशिक्षकांची घाई, देशादेशांतील चुरस ही कारणे आहेतच. पण त्यांच्या मुळाशी तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातील एक धडा आहे. तो आपण आधी पाहू.

समजा, स्केटरने उडी मारली आणि तिचा गुरुत्वमध्य ५० सें.मी. वर गेला. वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच खाली यायला. म्हणून हवेतील एकूण वेळ = २ × √(२ × उंची ÷ गुरुत्वीय त्वरण). त्वरण ९.८ मी./से.² धरून गणित करा. उत्तर ०.६४ सेकंद येईल. उंची ४० सें.मी. असेल तर ०.५७ सेकंद आणि ६० सें.मी. असेल तर ०.७० सेकंद. चाळिसावरून साठावर जाणे म्हणजे उंची दीडपट करणे. पण वेळ मात्र सव्वापटसुद्धा झाला नाही! वर्गमूळाचा हा हिशेब मोठा कंजूष आहे.

तीन फेऱ्यांऐवजी चार फेरे घ्यायचे असतील, आणि फिरण्याची गती तीच ठेवायची असेल, तर हवेतील वेळ ४/३ पट हवा. त्यासाठी उंची किती पट हवी? ४/३ चा वर्ग, म्हणजे सुमारे १.७८ पट. ५० सें.मी. उडी मारणाऱ्याने ८९ सें.मी. उडी मारली पाहिजे. जड बूट आणि पाती पायांत घालून, घसरत्या बर्फावरून, हे कोणाला साधत नाही. तेव्हा उंचीचा रस्ता जवळजवळ बंद आहे. एकच वाट उरते, ती म्हणजे अधिक वेगाने फिरणे.

येथे कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम पुढे येतो. स्केटरचे पाय बर्फावर असतात तोपर्यंत ती पात्याची कड किंवा पात्याच्या पुढच्या टोकाचे करवतीसारखे दात बर्फात रोवून शरीराला पीळ देऊ शकते, म्हणजेच कोनीय संवेग मिळवू शकते. एकदा पाय सुटले की दुकान बंद! हवेत ढकलायला काही नाही, हवेचा विरोध नगण्य आहे, आणि गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढते, फिरवत नाही. निघताना जेवढा कोनीय संवेग गाठीशी बांधला, तेवढाच उतरेपर्यंत राहणार.

पण कोनीय संवेग म्हणजे निरूढी परिबल आणि कोनीय वेग यांचा गुणाकार. (निरूढी परिबलालाच काही पुस्तकांत जडत्व आघूर्ण म्हटलेले आढळेल.) वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितके हे परिबल मोठे, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. गुणाकार कायम असल्यामुळे परिबल निम्मे केले की वेग दुप्पट होतो. म्हणून स्केटर उडताना हात पसरून निघते आणि क्षणार्धात ते छातीशी घट्ट आवळते, पाय एकमेकांत अडकवते, पेन्सिलीसारखी होते. उतरताना पुन्हा हात व मोकळा पाय पसरते; फिरणे लगेच मंदावते.

शाळेत एखादे सहज फिरणारे स्टूल असेल तर हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एक-एक लिटरची बाटली धरून हात पसरून बसा. मित्राला हलकेच फिरवायला सांगा आणि मग बाटल्या छातीशी घ्या. बाटल्या अक्षापासून ७५ सें.मी. वरून १५ सें.मी. वर आल्या, तर अंतर एक-पंचमांश झाले आणि त्या बाटल्यांचे निरूढी परिबल एक-पंचविसांश! शरीराचे स्वतःचे परिबल फारसे बदलत नसल्यामुळे वेग काही पंचवीसपट होत नाही, पण डोके गरगरण्याइतका नक्कीच वाढतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक प्रश्न: फिरण्याची गतिज ऊर्जा येथे वाढते. ती कोठून आली? बाटल्या आत ओढताना हातांना जोर लावावा लागतो, त्याकडे लक्ष द्या.

आता थोडे मागे जाऊ. या खेळाचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघ १८९२ मध्ये स्थापन झाला आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९६ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाली. त्या काळी उड्यांना फारसे महत्त्व नव्हते. खरी परीक्षा असे ती बर्फावर पात्याने वर्तुळे आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या आकृती कोरण्याची. एकदा कोरलेल्या रेषेवरूनच पुन्हा पुन्हा जायचे आणि परीक्षकांनी वाकून रेषा तपासायच्या! खेळाच्या नावातील 'फिगर' तो हाच. दीर्घकाळ एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण या आकृतींना असत. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी असूनही केवळ आकृतींच्या बळावर सुवर्णपदक घेऊन गेली. दूरचित्रवाणीवर उड्या आणि गिरक्या पाहणाऱ्या प्रेक्षकांना हा निकाल चमत्कारिक वाटला, यात नवल नाही. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृती वगळण्यात आल्या.

आकृती कोरण्याला चिकाटी लागते, आणि ती वयाबरोबर कमी होत नाही. त्यामुळे त्या काळातील कारकिर्दी लांबलचक दिसतात. स्वीडनच्या उलरिक साल्कोव्हने १९०१ ते १९११ या काळात दहा वेळा जागतिक अजिंक्यपद जिंकले. शेवटच्या वेळी तो ३३ वर्षांचा होता. पुढे १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तो ४२ व्या वर्षी उतरला आणि चौथा आला! त्याच्याच देशाच्या गिलिस ग्राफस्ट्रमने लागोपाठ तीन सुवर्णपदके मिळवल्यावर १९३२ मध्ये ३८ व्या वर्षी रौप्यपदक जिंकले. लहान वयाचे खेळाडू तेव्हाही होते. नॉर्वेची सोन्या हेनी १९२४ मध्ये अकराव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये उतरली आणि शेवटची आली. पण तिने खेळ सोडला नाही. १९२७ पासून १९३६ पर्यंत दरवर्षी जागतिक अजिंक्यपद तिचेच होते.

उड्यांची चढण मात्र सुरू झाली होती. नॉर्वेच्या आक्सेल पॉलसेनने १८८२ मध्ये व्हिएन्ना येथे पुढे तोंड करून उडी मारली आणि मागे तोंड करून उतरला, म्हणजे दीड फेरा. आजही 'ॲक्सल' उडीत इतर उड्यांपेक्षा अर्धा फेरा जास्त असतो, तो यामुळे. १९०९ मध्ये साल्कोव्हने आपल्या नावाची उडी रूढ केली. अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये दुहेरी ॲक्सल आणि १९५२ मध्ये तीन फेऱ्यांची पहिली उडी मारली. कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने १९८८ च्या बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत चार फेरे पुरे केले. त्याच वर्षी जपानची मिदोरी इतो स्पर्धेत तिहेरी ॲक्सल मारणारी पहिली स्त्री ठरली, तर २००२ मध्ये जपानच्याच मिकी आंदोने कनिष्ठ गटात चार फेऱ्यांची उडी मारली. ती तेव्हा १४ वर्षांची होती. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या १७ वर्षांच्या इल्या मालिनिनने चौपदरी ॲक्सल, म्हणजे साडेचार फेरे, साधले. १९५२ पासूनच्या सत्तर वर्षांत गुरुत्वीय त्वरण बदलले नाही, आणि हवेतील वेळही फारसा वाढला नाही. वाढली ती फिरण्याची गती.

मिकी आंदोचे वय मुद्दाम दिले आहे. कारण आता आपण मूळ प्रश्नाशी आलो.

एक मुलगी सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात १० टक्क्यांनी वाढली, असे समजा. लांबी १.१ पट, तर आकारमान आणि वस्तुमान १.१ च्या तिसऱ्या घाताइतके, म्हणजे १.३३ पट. निरूढी परिबलात वस्तुमान आणि अंतराचा वर्ग आहे. तेव्हा ते १.१ च्या पाचव्या घाताइतके, म्हणजे १.६१ पट होईल. स्नायूंचे बळ मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, ते १.२१ पटच होईल. उंची दहा टक्के वाढली, फिरवण्याचे ओझे एकसष्ट टक्क्यांनी वाढले, आणि बळ वाढले एकवीस टक्क्यांनी! अर्थात शरीर असे साच्यातून काढल्यासारखे वाढत नाही, आणि बळाला लांब पायांचा थोडा हातभारही लागतो. तेव्हा हा ढोबळ अंदाज समजावा. पण दिशा बरोबर आहे. वयात येताना मुलींची कंबर रुंदावते, वस्तुमान अक्षापासून दूर जाते. मुलांमध्ये त्याच वयात स्नायूंचे बळही झपाट्याने वाढते, म्हणून त्यांना हा टप्पा तुलनेने सोपा जातो. शरीराची ही वाढ अगदी निरोगी आहे. तिच्यात दोष काहीच नाही. दोष असलाच तर गुणदानाच्या तक्त्यात शोधावा.

कारण २००४ पासून लागू झालेल्या पद्धतीत प्रत्येक उडीला ठरावीक मूळ गुण आहेत. २०२२ च्या सुमारास तिहेरी लुट्झला ५.९, तर चौपदरी लुट्झला ११.५, जवळजवळ दुप्पट! कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील उड्यांना दहा टक्के अधिक. रशियाच्या आलिना झागितोवाने २०१८ च्या ऑलिंपिकमधील मुक्त कार्यक्रमात सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि पंधराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकले. मग नियम बदलून ही सवलत शेवटच्या काही उड्यांपुरती ठेवण्यात आली. झागितोवाने १७ व्या वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, स्पर्धा थांबवल्या. तिच्या आधी यूलिया लिपनित्स्कायाने २०१४ मध्ये १५ व्या वर्षी सांघिक सुवर्णपदक मिळवले. १९ व्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली, आणि वजन कमी राखण्याच्या ध्यासातून जडणाऱ्या, अन्नच नकोसे होण्याच्या आजारावर तिला उपचार घ्यावे लागले होते. अमेरिकेची तारा लिपिन्स्की १९९८ ची सुवर्णपदक विजेती, तीही १५ व्या वर्षीच. अठराव्या वर्षी तिच्या खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. उडीवरून उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही अधिक भार येतो. सरावात अशा उड्या दिवसातून कितीतरी वेळा होतात, आणि ते पाय असतात हाडे अजून वाढत असलेल्या मुलीचे.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांच्या कामिला वालियेवाने ऑलिंपिकमध्ये चार फेऱ्यांची उडी मारणारी पहिली स्त्री म्हणून नाव कमावले, आणि त्याच आठवड्यात तिच्या उत्तेजक-द्रव्य चाचणीचे प्रकरण बाहेर आले. (जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिच्यावर डिसेंबर २०२१ पासून चार वर्षांची बंदी घातली.) अंतिम कार्यक्रमात ती पुन्हा पुन्हा पडली. वयाच्या प्रश्नावर चर्चा आधीपासून होतीच. जून २०२२ मध्ये थायलंडमधील फुकेत येथे आंतरराष्ट्रीय संघाने मोठ्या बहुमताने ठरवले, की वरिष्ठ गटाचे किमान वय १५ वरून आधी १६ आणि २०२४-२५ च्या हंगामापासून १७ करावे. उशिरा का होईना, निर्णय योग्य झाला असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पुढच्या वर्षांतले निकाल पाहण्यासारखे आहेत. जपानच्या काओरी साकामोतोने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीन जागतिक अजिंक्यपदे मिळवली, तीही २१ ते २३ या वयात. तिच्या कार्यक्रमात ना चार फेऱ्यांची उडी, ना तिहेरी ॲक्सल. तिच्याजवळ होता तो सरकण्याचा प्रचंड वेग आणि लांब, भरदार उड्या. फेरे तीनच, पण प्रत्येक स्वच्छ पुरा झालेला. अमेरिकेची अलिसा लिऊ हिची हकिकत आणखी वेगळी. २०१९ मध्ये तिहेरी ॲक्सल मारून ती १३ व्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, २०२२ मध्ये १६ व्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षांनी स्वतःच्या मर्जीने परतली, आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टन येथे १९ व्या वर्षी जागतिक अजिंक्यपद जिंकून गेली. त्या दिवशी तिने तिहेरी ॲक्सल मारलीच नाही.

शिक्षकांना वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग देतो. एखाद्या स्पर्धेचे चित्रीकरण मिळवा आणि ते एक-एक चित्राने पुढे सरकवा. सेकंदाला २५ चित्रे असतील आणि पाते बर्फ सोडल्यापासून टेकेपर्यंत १६ चित्रे मोजली, तर वेळ १६/२५, म्हणजे ०.६४ सेकंद. त्याचा वर्ग ९.८ ने गुणून ८ ने भागा. उडीची उंची मीटरमध्ये मिळेल. (सेकंदाला किती चित्रे आहेत ते आधी पाहावे, काही ठिकाणी ती ३० किंवा ५० असतात.) मग एकाच खेळाडूची तीन फेऱ्यांची एक उडी आणि चार फेऱ्यांची एक उडी निवडा. दोन्हींचा वेळ आणि सरासरी फिरण्याची गती काढा, आणि चौथा फेरा वेळ वाढल्याने मिळाला की गती वाढल्याने, ते वहीत मांडा. पाय सुटण्यापूर्वी आणि टेकल्यानंतर शरीर बर्फावरच किती वळले, तेही मोजायला विसरू नका.