निरंक आणि अप्राप्त : डेटाबेसमधील दोन रिकाम्या जागा

शासकीय पत्रव्यवहाराशी संबंध आलेल्या प्रत्येकास ‘निरंक’ हा शब्द परिचित आहे. वरिष्ठ कार्यालय माहिती मागविते, शाळेकडे त्या बाबतीत कळविण्यासारखे काही नसते, तेव्हा मुख्याध्यापक रकान्यात ‘निरंक’ असे लिहून विवरणपत्र पाठवितात. ज्या शाळेचे विवरणपत्र पोहोचलेलेच नाही, तिच्या नावापुढे ‘माहिती अप्राप्त’ असा शेरा पडतो. दोन्ही ठिकाणी आकडा नाही. तथापि पहिल्या शाळेने उत्तर दिलेले आहे आणि दुसरीचे उत्तर यावयाचे आहे. कोणताही अनुभवी लिपिक या दोहोंची गल्लत करीत नाही. संगणकाच्या डेटाबेसमध्ये मात्र हीच गल्लत वारंवार होते. आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात कार्यरत आहेत आणि पालकांचेही रोजचे व्यवहार ऑनलाइन अर्जांवर अवलंबून आहेत. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

संगणकात अक्षरांच्या साखळीस स्ट्रिंग म्हणतात. ‘नागपूर’ ही एक स्ट्रिंग आहे. जिच्यात एकही अक्षर नाही ती रिक्त स्ट्रिंग होय. तिची लांबी शून्य असते; परंतु ते एक निश्चित मूल्य असते. ‘नल’ हे याहून वेगळे आहे. येथे कोणतेही मूल्य नाही, एवढेच दर्शविणारी ती खूण आहे. नलची लांबी विचारली तर उत्तर शून्य येत नाही, पुन्हा नलच येते. जे ठाऊकच नाही त्याची लांबी तरी कशी ठाऊक असणार?

या विचाराची मांडणी एडगर कॉड या ब्रिटिश गणितज्ञाने केली. आयबीएम कंपनीत संशोधन करीत असताना १९७० साली त्यांनी माहिती तक्त्यांच्या रूपाने साठविण्याचे रिलेशनल प्रारूप मांडले. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. १९८५ मध्ये त्यांनी अशा डेटाबेससाठी नियम प्रसिद्ध केले. त्यांतील तिसरा नियम सांगतो की, अनुपलब्ध माहिती दर्शविण्याची पद्धतशीर सोय हवी आणि ती रिक्त स्ट्रिंग, कोऱ्या जागा व शून्य यांहून वेगळी हवी. पुढे कॉड यांनी नलचेही दोन प्रकार केले : लागू आहे पण माहीत नाही, आणि मुळात लागूच नाही. आपल्या अर्जांतील ‘लागू नाही’ हा शेरा म्हणजे हा दुसरा प्रकार होय.

आता निवासी शाळेतील एक उदाहरण घेऊ. वसतिगृहाच्या आरोग्य-नोंदीत ‘ॲलर्जी’ हा रकाना आहे असे समजा. पहिल्या मुलाच्या पालकांना विचारले. त्यास कोणतीही ॲलर्जी नाही. तेथे रिक्त स्ट्रिंग नोंदविली. दुसऱ्या मुलाच्या पालकांची भेट झालेली नाही; तेथे नल आहे. तिसऱ्या मुलापुढे ‘शेंगदाणा’ असे लिहिले आहे. पडद्यावर पहिल्या दोन मुलांचे रकाने सारखेच कोरे दिसतात. स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे कूट घालावयाचे असेल तर पहिल्या मुलाविषयी आपण निश्चिंत राहू शकतो. दुसऱ्याविषयी आधी विचारणा करणे भाग आहे. दोन्ही रकान्यांत रिक्त स्ट्रिंग भरली असती, तर दुसरा मुलगाही सुरक्षित ठरला असता आणि त्याच्या घरी कोणी विचारणाही केली नसती.

डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात सत्य व असत्य यांच्या जोडीला ‘अज्ञात’ हे तिसरे उत्तर असते. ‘ज्यांची ॲलर्जी शेंगदाणा नाही त्यांची यादी द्या’ असे विचारल्यास केवळ पहिला मुलगा मिळतो. दुसऱ्याविषयीचे उत्तर अज्ञात असते, आणि ज्या नोंदीविषयी उत्तर निश्चितपणे सत्य असेल तीच यादीत येते. ‘ॲलर्जी बरोबर नल’ अशी तुलना केली तर एकही नाव मिळत नाही, कारण एका अज्ञाताची दुसऱ्या अज्ञाताशी बरोबरी ठरविता येत नाही. त्यासाठी ‘इज नल’ हा स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. एकूण नोंदी मोजल्या तर तीन येतात. ॲलर्जीच्या रकान्यातील मूल्ये मोजली तर दोनच येतात. रिक्त स्ट्रिंग मोजली जाते, नल मोजले जात नाही.

गुणपत्रकातही हाच न्याय लागू होतो. एका विद्यार्थ्यास ६० गुण, दुसऱ्यास ० आणि तिसरा गैरहजर. गैरहजराच्या जागी नल असेल तर सरासरी ३० येते. तेथे ० लिहिले तर ती २० वर उतरते. गैरहजर विद्यार्थी आणि शून्य गुणांचा विद्यार्थी एक नव्हेत, हे शिक्षकास सांगावे लागत नाही. संगणकास मात्र सांगावे लागते.

प्रत्यक्ष काम करताना दोन अडचणी येतात. पहिली अशी की, सर्व डेटाबेस एकसारखे वागत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल रिक्त स्ट्रिंग व नल वेगळे ठेवतात. ओरॅकल मात्र रिक्त स्ट्रिंगला नलच मानते. दुसरी अशी की, संकेतस्थळावरील अर्जात मजकुराची चौकट कोरी सोडली तर सामान्यतः रिक्त स्ट्रिंगच पाठविली जाते. भरणाऱ्याला ‘काही नाही’ असे सांगावयाचे होते की त्याने तो प्रश्न ओलांडला, हे त्यातून कळत नाही. यावर उपाय एकच : प्रश्न नीट विचारणे. ‘कोणतीही ॲलर्जी नाही’ अशी वेगळी खूण करण्याची सोय द्यावी आणि ‘विचारणा झाली काय’ हा स्वतंत्र रकाना ठेवावा. मग कोणताही डेटाबेस असला तरी अर्थ हरवत नाही.

अज्ञाताच्या जागी सोयीचा मजकूर भरणे हा तिसरा धोका. कॅलिफोर्नियातील एका संगणक-सुरक्षा तज्ज्ञाने आपल्या मोटारीसाठी ‘नल’ ही अक्षरे असलेली नंबर प्लेट घेतली. ज्या दंडपावत्यांत वाहन क्रमांक नोंदलेलाच नव्हता, त्या त्याच्या नावावर जमा होऊ लागल्या. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजले, तेव्हा ती रक्कम सुमारे १२ हजार डॉलरवर गेली होती. ‘नल’ ही खूण आणि ‘नल’ हा शब्द यांतील भेद त्या यंत्रणेस राखता आला नाही.

हा प्रकार आपल्या समाजास अपरिचित नाही. ज्या घरांत अक्षरओळख नव्हती, तेथे जन्माची लेखी नोंदही नव्हती. शाळेत नाव घालताना जनरल रजिस्टरमध्ये तारीख तर हवी. म्हणून गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली. या स्मरणिकेच्या वाचकांतही १ जूनचे वाढदिवस अनेक असतील. त्या तारखेनेच शाळेचे दार उघडले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु तीच तारीख सेवापुस्तकात गेली आणि तिच्यावरूनच ३१ मे हा निवृत्तीचा दिवस ठरला. उद्या एखादा अभ्यासक केवळ त्या रजिस्टरवर विसंबला, तर आमच्या वस्त्यांत मुले जूनमध्येच जन्मत असत, असा निष्कर्ष तो काढील. ‘माहीत नाही’ हे खरे उत्तर होते. रजिस्टरात त्यासाठी जागा नव्हती.

इतिहासाच्या अभ्यासातही ही सावधगिरी लागते. १९५१ ते २०११ या जनगणनांत अनुसूचित जाती व जमाती वगळता इतर जातींची स्वतंत्र आकडेवारी प्रसिद्ध झाली नाही. तेथे आकडा नाही याचा अर्थ ती माणसे नव्हती असा कोणी करीत नाही. मग दप्तरात एखाद्या वस्तीची तक्रार नोंदलेली नाही, एवढ्यावरून तेथे तक्रारच नव्हती, असे का मानावे? ‘निरंक’ लिहिण्यापूर्वी कोणी तेथे जाऊन विचारले होते काय, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्यापैकी जे संगणकप्रणाली घडवितात, त्यांनी प्रत्येक रकाना आखताना तीन गोष्टी ठरवाव्यात : येथे अज्ञात उत्तर चालेल काय, ‘काही नाही’ हे उत्तर कसे नोंदवावयाचे, आणि ‘लागू नाही’ यासाठी कोणती सोय आहे. जे अर्ज भरतात, त्यांनी जेथे खरोखर काही नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. रकाना कोरा सोडू नये. आणि जे यादी वाचतात, त्यांनी कोऱ्या रकान्यापुढील नावास फोन करून विचारावे.