विमानाचा भाग बनवावा कसा, पाठवावा कसा

साकीनाक्याला, भांडुप-मुलुंडला किंवा घाटकोपरला तुमचा मशिनिंगचा गाळा आहे आणि मोठ्या प्रवासी विमानाच्या भागाची चौकशी आली आहे, असे धरून चालू. भाग म्हणजे पंखाच्या आतली, दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची रिब. मुंबईच्या उपनगरांना हे क्षेत्र परके नाही. विक्रोळीला गोदरेजच्या आवारात इस्रोच्या विकास इंजिनाबरोबर रोल्स-रॉइसच्या प्रवासी इंजिनांचे भागही तयार होतात. लहान गाळ्यालाही हे काम जमते, फक्त आखणी उलट्या टोकाकडून करावी लागते. विमान जिथे जोडले जाते तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे येत आपल्या मशीनपर्यंत पोचायचे.

म्हणून कोटेशन देण्याआधी टेप घ्या आणि वाट मोजा. दोन मीटरच्या रिबला फोम, लाकडी पाया आणि झाकण धरून पेटी सहज 2.4 मीटरची होते. मशीन तळमजल्यावर असले तरी तपासणीची खोली पुष्कळदा वरच्या मजल्यावर असते. तेव्हा मालाच्या लिफ्टचे दार, आतली खोली, गाळ्यासमोरचे वळण, फाटक आणि टेंपो जिथे मागे घेतात ती गल्ली, सगळे मोजून कागदावर उतरवा. ‘पेटी तिरपी करून नेऊ’ हा विचार इथे चालत नाही. ग्राहक पेटीवर कल दाखवणारे लेबल लावायला सांगतो. पेटी कलली की ते लाल होते आणि पलीकडे पेटी न उघडताच बाजूला ठेवली जाते.

मग विमानाचे दार मोजा. हवाई मालाचा नेहमीचा मोठा पॅलेट 318 बाय 244 सेंटिमीटरचा असतो आणि प्रवासी विमानाच्या पोटात त्यावर सुमारे 160 सेंटिमीटर उंचीपर्यंतच माल चढतो. त्याहून उंच पेटीला मालवाहू विमान किंवा जहाज शोधावे लागते. एअरबसने ए380 बांधताना हेच केले होते. वेल्समध्ये बनलेले पंख नदीतून आणि समुद्रातून फ्रान्सला यायचे, पुढे तराफ्यावरून लांगोंपर्यंत आणि तिथून रात्रीच्या ताफ्याने तुलूझला. त्यासाठी रस्ते आधी रुंद केले, वळणे सुधारली, लेविन्याक गावात घरांच्या भिंतींपासून किती अंतर सुटते ते आधी तपासले. आपला भाग त्यापुढे चिमुकला आहे, पण साकीनाक्याची गल्लीही तशीच अरुंद आहे.

वाट ठरली की तारीख ठरवा. जोडणीच्या दिवसापासून मागे मोजा. न्हावाशेव्याहून युरोपला जाणारी बरीच जहाजे 2023च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास साधारण 10 ते 14 दिवसांनी लांबला. म्हणून दर देताना समुद्राचा आणि हवाई असे दोन्ही द्या. उशीर तुमच्यामुळे झाला तर हवाई भाडे कोणी भरायचे, हेही तेव्हाच लिहून घ्या. नंतर हा विषय निघाला की संबंध बिघडतात.

आता माल. प्लेट ग्राहकाने मान्य केलेल्या पुरवठादाराकडूनच घ्या. तिच्यासोबत गिरणीचे प्रमाणपत्र येते आणि त्यावरचा हीट नंबर प्लेटवरही छापलेला असतो. करवत लावण्याआधी तो नंबर निघणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर उतरवा, उरलेल्या तुकड्यावरसुद्धा. ही दोन मिनिटांची कसर राहिली तर उत्तम धातू हातात असूनही तो विमानात बसत नाही, कारण तो कुठून आला हे सिद्ध करता येत नाही. या धंद्यात भाग आणि त्याचा कागद यांची ताटातूट झाली की भाग भंगारातच जातो.

अशा रिबसाठी प्लेटचा बहुतेक भाग, कित्येकदा नव्वद टक्क्यांहून जास्त, बुरा होऊन निघतो. जाड प्लेटमध्ये दडलेला ताण त्यामुळे मोकळा होतो आणि रिब केळ्यासारखी वाकते. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी रफ कट घ्या, क्लँप पूर्ण सोडा, भाग तसाच राहू द्या, आणि मग अलगद धरून फिनिश कट घ्या. वाकलेला भाग क्लँपने दाबून सपाट करू नका. क्लँप सुटला की तो पुन्हा वाकतो.

मोजमापाच्या वेळी मुंबईची हवा ध्यानात ठेवा. ड्रॉइंगवरची मापे 20 अंश सेल्सिअसची असतात. ॲल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे 0.023 मिलिमीटर वाढते. म्हणजे 32 अंशांच्या गाळ्यात दोन मीटरची रिब अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांब भरते, आणि सूट बहुधा त्याहून कितीतरी कमी असते. भाग रात्रभर वातानुकूलित तपासणी खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. पहिल्या नगाचा एएस9102 अहवाल भरताना ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक द्या आणि प्रत्येकासमोर प्रत्यक्ष आकडा लिहा, नुसते ‘बरोबर’ नको.

नापास भागाला लाल पट्टी बांधून कुलपात ठेवा. ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय त्यावर पॉलिशचा कागदही फिरवू नका. भंगारात काढायचा असेल तर आधी मधोमध कापा. अखंड भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात पोचला तर तो कुठे फिरेल, याची जबाबदारी तुमच्यावर येते.

ॲनोडायझिंग आणि पेनेट्रंट तपासणी विमानउद्योगाची नॅडकॅप मान्यता असलेल्या ठिकाणीच होते, आणि त्यासाठी भाग बहुधा मुंबईबाहेर जातो. ही येण्याजाण्याची फेरीही वाहतूकच आहे. तिलाही पेटी, विमा आणि रूट कार्ड लागते. बेळगावजवळ हत्तरगीच्या एक्वसच्या वसाहतीत फोर्जिंग, मशिनिंग आणि पृष्ठप्रक्रिया एकाच कुंपणात आणल्या आहेत, त्याचे मोठे कारण हीच फेरी वाचवणे. आपल्याला ती सोय नाही, तेव्हा या फेरीचे दिवस आखणीत आधीच धरा.

पॅकिंगला मी सर्वांत जास्त वेळ देतो. जुलैत थंड खोलीतला भाग उघडाच बाहेर आणला की मिनिटभरात त्यावर दव धरते. म्हणून पिशवी थंड खोलीतच बंद करा: हातमोजे घालून भाग पुसा, खाचाखोचांत बुरा राहिलेला नाही हे दिवा धरून पाहा, गंजरोधक फिल्म गुंडाळा, ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका, हवा काढून सील करा. भाग आणि कच्चे लाकूड यांचा स्पर्श होऊ देऊ नका, मध्ये फोम हवा. पेटीच्या लाकडाला उष्णतेची प्रक्रिया लागते, गाभ्यापर्यंत 56 अंश, सलग 30 मिनिटे, आणि त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का. शिक्का नसलेली पेटी परदेशी बंदरात अडकते. झाकण खिळ्यांनी ठोकू नका, स्क्रूने बसवा. पेटी एक्स-रे यंत्रात बसली नाही किंवा कस्टमने उघडायला सांगितली, तर पहारीने उचकटलेले झाकण पुन्हा नीट बसत नाही.

कागदपत्रे माल तयार होण्याआधीच मार्गी लावा. आयात-निर्यात कोड आणि बँकेचा एडी कोड हे एकदाच काढायचे काम; जीएसटीचे एलयूटी (हमीपत्र) मात्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचे. विमानाच्या भागांचे शीर्षक 2022 पासून 8803 ऐवजी 8807 झाले आहे; जेट इंजिनाचे भाग मात्र 8411 मध्येच येतात. जुन्या बिलावरून कोड उतरवला की चूक ठरलेली. भाग प्रवासी विमानाचा असला तरी निर्यात-नियंत्रणाची स्कोमेट यादी एकदा तपासून तशी नोंद फाइलला लावा. मग कस्टम एजंट (सीएचए) शिपिंग बिल भरतो, आणि कस्टमचा निर्यातीचा आदेश मिळाल्यावरच माल विमानात चढतो.

रस्त्याचे थोडक्यात. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांवर निर्बंध असतात, म्हणून वाहतूक पोलिसांचे चालू आदेश आदल्या दिवशी पाहा. मुलुंड-भांडुपहून सहारच्या विमानतळाला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, न्हावाशेव्याला ऐरोली पुलावरून. अंधेरी पश्चिमेचा गाळा असेल तर सबवेच्या भरवशावर वेळ ठरवू नका, मोठ्या पावसात तो बंद होतो. गाडी बंद डब्याचीच घ्या, ताडपत्रीची नको. फोर्कलिफ्टचे काटे कुठून घालायचे आणि वजनाचा मध्य कुठे आहे, हे पेटीच्या चारही बाजूंना चित्राने रंगवा.

सहारला पेटी उतरल्यावर धक्का आणि कल दाखवणाऱ्या लेबलांचे फोटो काढा आणि एअरवे बिलाच्या क्रमांकाबरोबर त्याच दिवशी ग्राहकाला पाठवा. पलीकडे पेटी उघडण्याआधीही असेच फोटो मागा. तक्रार आली तर ती कोणत्या टप्प्यातली हे त्यांवरून ठरते. दुसरा नग मशीनवर चढवायचा तो पहिल्याच्या तपासणीचा निकाल आल्यावर, आणि कराराने सांगितलेली सगळी वर्षे हीट नंबरपासून फोटोंपर्यंतची फाइल भागाच्या क्रमांकाखाली जपून ठेवायची.