जुन्या मोटारीचा हॉर्न

नेपानगरहून असीरगडाकडे निघालेल्या मोटारीला सातपुड्यातील वळणांवर हॉर्नचाच आधार. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. जपून ठेवलेल्या अशा गाडीचा हॉर्न घोगरा झाला, की तो बदलण्याची घाई होते. पण दोष हॉर्नचाच आहे का, हे आधी पाहावे.

हॉर्नमधील विद्युतचुंबक पोलादी पडद्याला ओढतो. पडदा आत येताच स्पर्शबिंदू सुटतात, प्रवाह तुटतो व पडदा मागे जातो. ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडून आवाज निघतो.

आता ओहमचा नियम आठवा. हॉर्न ४ अँपिअर प्रवाह घेत असेल आणि गंजलेल्या जोडात अर्धा ओहम रोध असेल, तर २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. १२ व्होल्टांपैकी हॉर्नला १०च मिळतात. म्हणून हॉर्न काढून जाड तारांनी क्षणभर थेट बॅटरीला जोडावा. खणखणीत वाजला, तर गाडीतील जोड घासून स्वच्छ करावेत. घोगराच राहिला, तर बदलावा.

बदलताना बॅटरीची अर्थ तार आधी सोडावी. अनेक जुन्या गाड्यांत बटण दाबल्यावर अर्थ जोडला जातो. तेथे दोन टोकांचा, सांगाड्यापासून विलग असा हॉर्नच हवा. एका टोकाचा बसवल्यास तो बटण न दाबताच अखंड वाजेल. दोन हॉर्न लावायचे असल्यास रिले घालावा, म्हणजे बटणाचे बिंदू जळत नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११९ व्या नियमाने अनेक सुरांच्या व कर्कश हॉर्नला मनाई आहे. वळणापलीकडच्या बैलगाडीवाल्याला वेळीच कळावे, एवढा आवाज पुरे.