पहिलीच्या आधीची पायरी

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक विदारक वास्तव मांडले होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचत. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जात. शाळेत नाव घालणे आणि शाळेत टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्या आकड्यांचा अर्थ. टिकण्याची तयारी बऱ्याच अंशी पहिलीच्या आधीच होत असते, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलँटी येथे १९६२ पासून झालेला पेरी बालशाळेचा प्रयोग याची साक्ष देतो. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांपैकी ५८ मुलांना बालशाळेत घेतले. ६५ मुलांना ती संधी नव्हती. बालशाळेत मुले आपला खेळ स्वतः निवडत आणि त्याविषयी बोलत. शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी संवाद साधत. बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांत ओसरली. परंतु अभ्यासातील प्रगती टिकली आणि शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही या मुलांत अधिक राहिले.

आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली.

संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाचा निर्देश होता. खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ या वयोगटाला मूलभूत हक्क मिळाला. त्याखालील बालके मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. परिणामी सधन घरचे मूल शुल्क भरून बालवर्गात जाते, तर ऊसतोड कामगाराचे मूल फडाच्या बांधावर वाढते. पुढे दोघेही पहिलीच्या एकाच वर्गात बसतात आणि मागे पडणाऱ्यालाच ‘मंद’ ठरवले जाते.

म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आमचे आवाहन आहे, की अंगणवाडी ही केवळ खाऊ मिळण्याची जागा समजू नये. मूल तेथे रोज जाते का, गाणी-गोष्टी होतात का, हे पाहावे. सेविकेला सहकार्य करावे. जागा अपुरी असेल तर विहाराचे दार उघडावे. घरी मुलाशी भरपूर बोलावे. शिकण्याचा बाबासाहेबांचा आदेश सहा वर्षांखालील बालकांनाही लागू आहे. तो पाळण्याची जबाबदारी मात्र आपणा मोठ्यांची आहे.