चाकोरी निवडताना

नवीन काही सुचत नाही, पण सांगितलेलं काम चोख करतो, असं म्हणणाऱ्या मुलाला आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो: बँकेची परीक्षा दे, नाहीतर एमपीएससी. औषधनिर्मितीच्या क्वालिटी विभागात उमेदीची वर्षं काढल्यावर मला हा सल्ला अर्धवट वाटतो. घालून दिलेल्या पद्धतीने काम करायला आवडणं हा चांगला गुण आहे, पण तो कुठे कामी येईल हे पदाच्या नावावरून कळत नाही. पद्धत जिथे खरोखर पाळली जाते तिथे असा माणूस रमतो. जिथे ती फायलीपुरती असते तिथे तोच आडमुठा ठरतो आणि काही वर्षांत मनातून खचतो. म्हणून सावध राहायचं ते दुसऱ्या प्रकारच्या जागेपासून, मग ती नोकरी कायम असो वा कंत्राटी.

पॅकिंग लाइनवर एक बॅच संपून दुसरी सुरू होण्याआधी लाइन क्लिअरन्स घेतात. आधीच्या औषधाचं एखादं लेबल, एखादी गोळी पट्ट्याखाली राहिली नाही ना, हे पाहून सही झाल्याशिवाय मशीन सुरू करता येत नाही. बॅच रेकॉर्डमध्ये आकडा चुकला तर व्हाइटनर चालत नाही. एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. चळवळ्या डोक्याच्या माणसाला हे जाचतं, आणि त्याचंही चुकत नाही. पण 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या भेसळीने 14 रुग्ण दगावले, ते आठवावं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड; फरक कळतो तो ठरलेली चाचणी केली तरच. पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत तपासणी आणि देखरेखीतली ढिलाई चव्हाट्यावर आली.

यावर कोणी म्हणेल की हे हुशारीचं काम नव्हे. पण 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 हे विमान उड्डाण घेताच कोसळलं. चालवणारा कसलेला वैमानिक होता; विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून असलेला अडसर काढायचा तेवढा राहिला होता. त्यानंतर वैमानिकांच्या हाती चेकलिस्ट आली. कौशल्याची तिथे वानवा नव्हतीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशी कामं संगणक गिळेल. काही गिळलीच आहेत. इकडचा आकडा तिकडे भरण्यापुरतं जे काम असेल, त्यात आज कोणी पडू नये. पण रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात ऑटोक्लेव्ह 121 अंशांचं चक्र आपोआप पूर्ण करतो. तरी उपकरणांचा पॅक ओला निघाला तर शस्त्रक्रिया खोळंबली असतानाही तो परत पाठवायला माणूसच उभा राहावा लागतो. रक्तपेढी, रेल्वेचं स्टेशन मास्तरपद, औषध कंपनीतला गुणवत्ता हमी विभाग (क्यूए), इथे हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कामातच असतो. अर्थात बढतीनंतर कामाच्या लेखी पद्धती (एसओपी) स्वतः लिहाव्या लागतात, चुकीचं मूळ शोधावं लागतं. तिथे नुसतं आज्ञापालन पुरत नाही, हेही आधीच माहीत असावं.

नोकरी घेण्याआधी तिथे काम करणाऱ्या कोणाला तरी गाठून विचारा, शेवटची बॅच कोणी थांबवली होती आणि त्याचं पुढे काय झालं? मुलाखतीत हे विचारता येत नाही, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर येतं. आत जायला मिळालं तर भिंतीवर लटकवलेला तापमानाचा तक्ता बघा. दर दोन तासांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, सलग भरलेल्या दिसल्या, किंवा दुपारीच संध्याकाळचा रकाना भरलेला असला, तर चार पैसे जास्त मिळत असले तरी दुसरीकडे अर्ज करा.