नोंद बाटलीची, मात्रा वैद्याची

ज्या घरात रक्तदाबाच्या, हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या औषधावर असलेले एखादे वडीलधारे माणूस आहे, आणि ज्या घरी दूरदेशी असलेल्या मुलाने वा मुलीने, आईबाबा वेळेवर पाणी पीत नाहीत या काळजीपोटी, घोटाघोटाचा हिशेब ठेवणारी स्मार्ट बाटली धाडली आहे, त्या घरातील मंडळींनी तिचा वापर सुरू करण्यापूर्वी पुढील हकीकत एकवार वाचावी, एवढ्याच हेतूने मी हे लिहावयास घेतले आहे. ही वस्तू टाकाऊ आहे असे माझे मत नाही. योग्य माणसाच्या हाती ती फार उपयोगाची ठरते, हे मी पुढे सांगणारच आहे. परंतु किती पाणी प्यायले याची नोंद ठेवणे हे एक काम आणि किती प्यावे याची मात्रा ठरविणे हे दुसरे काम; पहिले यंत्राकडे खुशाल सोपवावे, दुसरे त्याच्या स्वाधीन कदापि करू नये, हे आमच्या कुटुंबाला ज्या प्रसंगातून उमगले तो इतर कोणावर येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या बाटल्यांची रचना समजून घेणे कठीण नाही. काहींच्या तळाशी वजन मोजणारा सेन्सर असतो. बाटली उचलून, पिऊन, पुन्हा सपाट जागी ठेवली की आधीच्या व नंतरच्या वजनातील फरक हेच प्यालेले पाणी, असे ती धरते. काहींच्या आत उभी पट्टी असते व पाण्याची पातळी कोठवर आहे हे ती विद्युद्धारितेच्या फरकावरून ओळखते. हा आकडा ब्लूटूथने मोबाईलमधील ॲपकडे जातो. आणि वय, वजन, उंची, हालचाल व कित्येकदा त्या गावचे तापमान एवढ्या सामग्रीवरून ॲप दिवसाचे उद्दिष्ट ठरवून, ठरल्या वेळी पाणी पोटात गेले नाही तर दिवा लुकलुकवून ताकीद देते. बाटलीतून जे कमी झाले ते सर्व पोटात गेले, हे तिचे गृहीतक होय. मग ते पाणी तुळशीला घातलेले असो वा भांडे विसळण्यात गेलेले असो. आणि जे तिच्यातून गेले नाही, म्हणजे चहा, ताक, वरण, पेज, कलिंगड, ते कोणी हाताने नोंदविल्यावाचून तिच्या दप्तरी दाखल होत नाही.

माझे थोरले बंधू नागपुरास असतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या दादांचा स्वभाव, हाती घेतलेले काम नियमाबरहुकूम तडीस न्यावयाचे, असा. आणि रक्तदाबासाठी ते जी गोळी घेत असत तिच्यात, तशा अनेक गोळ्यांत असते तसे, लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारे थायाझाइड वर्गातील औषधही होते. टोरांटोस असलेल्या माझ्या पुतण्याने उन्हाळ्याच्या तोंडावर ही बाटली पाठविली, व्हिडिओ कॉलवरून ॲप बसवून दिले, वय-वजन भरून दिले आणि गावचे हवामान आपोआप कळावे अशी सोयही करून दिली. त्याचा हेतू निर्मळ होता आणि त्याने भरलेली माहितीही अचूक होती. मात्र आपण कोणती औषधे घेता, हा प्रश्न त्या ॲपने विचारलाच नाही.

नवतपा लागला आणि पारा पंचेचाळीसच्या घरात गेला, तसे ॲपमधील उद्दिष्टही वाढले. नागपूरच्या रस्त्यावर त्या दिवसांत अंगाची लाही होते हे खरे. पण दादा दिवसभर कूलरसमोर, वाळ्याच्या ताट्यांआड बसलेले असत, त्यांना घाम असा फारसा येतच नव्हता, आणि ही गोष्ट कळण्याचे कोणतेही साधन त्या बाटलीपाशी नव्हते. तिच्या तळाचा निळा दिवा लुकलुकला की ते हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवीत, पाणी पीत आणि बाटली काळजीपूर्वक मेजावर सरळ ठेवून आकडा चढला की नाही ते मोबाईलवर पाहत. जेवणानंतर वहिनींनी जिऱ्याची पूड आणि सैंधव घातलेल्या ताकाचा पेला पुढे केला तर ते म्हणत, "ताक नको आता, ते हिशेबात धरत नाही." पोट पाण्याने भरलेले असल्यामुळे भाकरी अर्धी झाली, वरणाची वाटी तशीच राहू लागली, आणि मिठाची जी काही आवक ताकातून, पन्ह्यातून व जेवणातून होत असे ती घटली, जावक मात्र गोळीमुळे पूर्ववत चालूच राहिली.

मी त्या सुमारास त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. प्रथम मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली. मग चालताना तोल जाऊ लागला. आणि एका सकाळी दादांनी वहिनींना आमच्या आईच्या नावाने हाक मारली व वार विचारला असता भलताच सांगितला. ऊन लागले, असा तर्क शेजाऱ्यांनी केला, आणि तो स्वाभाविकच होता. विदर्भातल्या उन्हाळ्यात माणूस पाण्यावाचून आजारी पडतो हेच पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले, पाण्याने पडेल ही कल्पना कोणाच्या मनास शिवणार? रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा, जे सोडियम दर लिटरला 135 ते 145 मिलिमोल असावयास हवे, ते 118 वर उतरलेले आढळले. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, पाण्यावर निर्बंध घातला आणि शिरेवाटे तीव्र खारे द्रावण मोजूनमापून देण्यास आरंभ केला. हे काम सावकाशच करावे लागते. बरेच दिवस खाली राहिलेले सोडियम चोवीस तासांत आठ-दहा मिलिमोलांहून अधिक वर खेचले तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणास कायमची इजा होण्याचे भय असते. दादा पूर्ण बरे झाले. आणि येथे त्या बाटलीचेही श्रेय दिले पाहिजे: पाणी कधी व किती गेले याची तासागणिक नोंद मोबाईलमध्ये जशीच्या तशी होती, आणि ती पाहून निदानाची दिशा लवकर पक्की झाली, असे डॉक्टरांनीच आम्हांस सांगितले. घरी परतल्यावर दादांनी या साऱ्या प्रकरणाचा निवाडा आपल्या खात्याच्या भाषेत केला: "कारकुनाने आवक-जावक लिहावी; मंजुरीचा अधिकार त्याला नसतो."

हे असे का घडले, याचे शास्त्र ध्यानी घेण्याजोगे आहे. रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढले तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना त्याची खबर लागते. तहान लागते आणि व्हासोप्रेसिन नावाचे संप्रेरक मूत्रपिंडास पाणी राखून ठेवावयास सांगते. पाणी जास्त झाले की हे संप्रेरक ओसरते व मूत्र पातळ होऊन जादा पाणी बाहेर पडते. निरोगी मूत्रपिंड तासाला अदमासे पाऊण ते एक लिटर पाणी अशा रीतीने बाहेर टाकू शकते. परंतु मूत्र पातळ करण्याची ही शक्ती वयोमानाने उणावते, थायाझाइड तिच्यावरच आघात करते. आणि शिवाय, पाणी बाहेर टाकण्यासाठीही मूत्रपिंडास थोडेफार मीठ व प्रथिनांपासून होणारा युरिया लागतो, तो अन्न कमी झाल्याने मिळेनासा होतो. मग पाणी शरीरात साठते, रक्त पातळ होते, पेशी फुगतात. आणि कवटीच्या आत फुगावयास जागा नसल्याने पहिला फटका मेंदूला बसतो. हा धोका केवळ वृद्धांना आहे असेही नाही. 2002 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंचे रक्त शर्यतीअखेर तपासले असता त्यांपैकी 13 टक्क्यांचे सोडियम घटलेले आढळले, आणि त्याच्याशी ज्याचा सर्वांत दृढ संबंध दिसला ती गोष्ट म्हणजे धावता धावता वाढलेले वजन, अर्थात गरजेहून अधिक प्यालेले पाणी.

मग सर्वांना लागू पडणारा एखादा आकडा आहे काय? दिवसाला आठ पेले हा जो दंडक घरोघरी ऐकू येतो, त्याचे मूळ बहुधा 1945 साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने केलेल्या शिफारशीत आहे. तीत प्रौढास दिवसाला अडीच लिटर पाणी म्हटले होते खरे, पण यांतील बहुतांश शिजविलेल्या अन्नातच असते, हे त्याच्या लगतचे वाक्य लोक विसरले. डार्टमाउथ येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी 2002 साली या दंडकाचा कसून शोध घेतला, तेव्हा निरोगी माणसाने आठ पेले पाणी प्यालेच पाहिजे याला शास्त्रीय आधार त्यांना सापडला नाही. 2004 साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने पुरुषांसाठी 3.7 व स्त्रियांसाठी 2.7 लिटर हे जे आकडे दिले, तेही अन्नातील पाणी, चहा, दूध, सारे धरून दिलेले आहेत. आपल्या आमटी-भाताच्या, ताक-कढीच्या जेवणात पाण्याचा अंश किती मोठा असतो, हे निराळे सांगावयास नको.

याच्या उलट, ज्यांना पाणी मोजून व भरपूर पिण्याचा वैद्यकीय आदेश आहे, त्यांना ही बाटली खरोखर साहाय्यकारी आहे. मूतखडा ज्यांना एकदा झाला, त्यांच्याविषयी इटलीतील वैद्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे 12 टक्क्यांना तर इतरांपैकी 27 टक्क्यांना खडा पुन्हा झाला. अशा रुग्णांची लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी एवढे पाणी त्यांनी प्यावे, असे वैद्य सांगतात. आणि त्यासाठी स्मार्ट बाटलीचा आधार घेऊन अमेरिकेत मोठी चाचणीही हाती घेण्यात आली. वृद्धांची तहान मंदावलेली असते, म्हणून त्यांनाही आठवण हवीच. मात्र स्वच्छ शौचालयाच्या अभावी दिवसभर पाणी टाळणाऱ्या शिक्षिका, महिला पोलीस व बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या स्त्रियांचा प्रश्न कोणत्याही दिव्याने सुटणारा नाही. मुंबईत 2011 साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' चळवळीने मागितले ते शौचालय, आणि तेच त्यांचे खरे औषध आहे.

आता आमच्या अनुभवातून निघालेल्या सूचना. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही, की ॲपमधील आपोआप ठरणारे व हवामानाबरोबर वाढणारे उद्दिष्ट बंद करून, डॉक्टरांनी सर्व औषधांची यादी पाहून सांगितलेला आकडाच तेथे हाताने भरावा. लघवी वाढविणारी गोळी, मनोविकारावरील काही औषधे, हृदयाचा अशक्तपणा, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार यांपैकी काहीही असेल, तर त्या आकड्यावाचून बाटली वापरूच नये. दुसरी सूचना अशी, की तो आकडा केवळ पाण्याचा की सर्व पेयांचा, हे स्पष्ट विचारून घ्यावे, आणि ताक, सरबत, चहा यांची नोंद घरच्या कोणीतरी करावी. हिशेबात बसत नाही म्हणून ताटातले काहीही वगळू नये. तिसरी, ज्यांना कोणताही आजार नाही त्यांनी तहान हाच मुख्य मार्गदर्शक मानावा, आणि लघवीचा रंग पाहावा: फिकट पिवळा असेल तर सारे ठीक, गडद असेल तर पाणी वाढवावे, आणि दिवसभर पाण्यासारखी रंगहीन लघवी वारंवार होत असेल तर आवरते घ्यावे. काही जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी रंग बदलतो, हेही लक्षात ठेवावे.

चौथी सूचना उन्हात राबणाऱ्यांविषयी. हे वाचून शेतावरच्या, रस्त्यावरच्या वा बांधकामावरच्या कोणी पाणी कमी केले तर अनर्थ होईल. घाम गाळणाऱ्याने पाणी प्यालेच पाहिजे, मात्र त्याबरोबर मीठही पोटात जाईल असे पाहावे, मग ते ताक-पन्ह्यातून जावो वा शिदोरीतल्या भाकरी-चटणीतून. पाचवी, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसास मळमळ, डोकेदुखी, गुंगी, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसले, तर आणखी पाणी न पाजता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, सोडियमची तपासणी करावी अशी विनंती करावी आणि औषधांची पाकिटे व बाटलीची नोंद बरोबर न्यावी. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

यंत्राविषयीही दोन गोष्टी. स्वयंपाकघरातील मापाने पाणी भरून व ओतून बाटलीचे मोजमाप बरोबर आहे की नाही हे अधूनमधून पडताळावे, आणि झाकणातील रबराची कडी काढून धुवावी, कारण बुरशी तेथेच धरते. वजन, वय, ठावठिकाणा ही माहिती कोणत्या कंपनीकडे जाते हे वाचून, अनावश्यक परवानग्या नाकाराव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली आपल्याकडे कायदा झाला आहे, पण परवानगी देणारे बोट आपलेच असते.

परदेशी असलेल्या मुलामुलींना माझे अखेरचे सांगणे एवढेच, की बाटली जरूर पाठवा, पण ती पाठविण्यापूर्वी आईवडिलांच्या डॉक्टरांना एक फोन करा आणि, दिवसाला जास्तीत जास्त किती, असा स्पष्ट प्रश्न विचारा. मिळेल तो आकडा ॲपमध्ये भरा, कागदावर लिहून घरातील सर्वांना दिसेल असा फ्रिजवर लावा, आणि औषध बदलेल त्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारा.