होडीचे साचे : प्लाय चढण्याआधी आपणच तपासू या

मैत्रिणींनो,

खाडीकाठच्या गटांना छोटी होडी हवी असते. कुणाला तिसऱ्या-कालवं काढायला, कुणाला पाहुण्यांना कांदळवन दाखवायला. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या ताया अशी सफर चालवतातच. होडी सुतारदादा बांधतील, पण पैसा गटाचा आहे. म्हणून आजचा धडा साच्यांचा.

साचा म्हणजे काय?
दुधी आडवा चिरला की मधले काप मोठे आणि टोकाचे लहान निघतात. होडीचे साचे तसेच. दहा-बारा फुटी होडीला तीन ते पाच साचे पुरतात. ते उलटे उभे करायचे, त्यावर प्लाय वाकवून बसवायचा आणि होडी तयार झाली की साचे काढून घ्यायचे. जपून ठेवले तर त्यावर दुसऱ्या गटाचीही होडी होते.

लाकूड कोणतं?
साच्याला 12 ते 18 मिमीचा साधा प्लाय चालतो, कारण तो पाण्यात जात नाही. होडीला मात्र मरीन प्लायच हवा. त्यावर आयएस 710 हा शिक्का बघूनच पैसे द्या.

साचा कसा करतात?
1. जाड कागदावर मधली रेघ मारून अर्धाच आकार पूर्ण मापात काढा आणि कापा.
2. तो प्लायवर ठेवून एक बाजू आखा, मग उलटा करून दुसरी. दोन्ही बाजू सारख्या येतात.
3. आराखड्यातलं माप होडीच्या बाहेरचं असेल तर प्लायची जाडी वजा करा. 6 मिमीचा प्लाय असेल तर साचा सगळ्या कडांनी 6 मिमी आत.
4. मधली रेघ साच्यावर ठळक ठेवा. पुढचं सगळं माप तिच्यावरून.

आपण काय तपासायचं?
- दोन सरळ वाशांवर साचे उभे केले की पाण्याच्या नळीने पातळी आणि ओळंब्याने उभेपणा बघा.
- होडीच्या नाकाशी, बरोबर मधल्या रेघेवर खिळा ठोका. खिळ्यापासून प्रत्येक साच्याच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरा. दोन्ही अंतरं सारखीच हवीत.
- लाकडाची लांब, लवचिक पट्टी सगळ्या साच्यांवर टेकवा. कुठे फट पडली किंवा फुगवटा आला तर तो साचा चुकला.
- कडांना चिकटपट्टी लावली ना? नाहीतर डिंक साच्यालाच धरतो.

साचा वाकडा असेल तर होडी एका बाजूला कलते किंवा ओढते. प्लाय चिकटल्यावर ते दुरुस्त होत नाही, सगळा प्लाय वाया जातो. “नंतर बघू” म्हणाले तरी थांबा. साचा दुरुस्त करणं तासाभराचं काम आहे.

म्हणून गटाच्या ठरावात एक ओळ लिहा : साचे दोन सदस्यांनी मोजल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही. आणि प्रवासी बसवणार असाल तर बांधकामाआधीच महाराष्ट्र सागरी मंडळाकडे परवानगीची चौकशी करा.

पुढच्या बैठकीला सुतळी आणि मोजपट्टी घेऊन या. जमिनीवर खडूने आखून सराव करू.

तुमची क्षेत्र समन्वयक